तळघरातली तालीम



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते आम्हांला मराठी शिकवीत आणि स्नेहसंमेलनाचे नाटकही बसवीत. ‘तालीम’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथम ऐकला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण, एवढाच. मराठीने मात्र त्याला दोन घरी नांदवले. पहिलवान ज्या लाल मातीत घुमतात ती जागा तालीम, आणि नट मंडळी प्रयोगाआधी जी उजळणी करतात तीही तालीम. पुस्तक मिटून अंग मोडावे लागते, हे दोन्हींत समान.

सरांची एक खोड होती. दोन मुले भांडली की ते छडी काढीत नसत. तालमीच्या वेळी दोघांना रंगमंचावर उभे करीत आणि एकाला दुसऱ्याची बाजू मांडायला लावीत. आठवीत असताना एका वर्गमित्राशी माझे प्रकरण हातघाईवर आले. सरांनी मला त्याच्या वतीने बोलायला सांगितले. दोन वाक्यांपुढे मला जाता आले नाही. त्याचे म्हणणे काय होते हे मी कधी ऐकून घेतलेच नव्हते, ही गोष्ट तेव्हा साऱ्या वर्गासमोर उघडी पडली. मुले हसली, सर हसले नाहीत.

ही आठवण मी पुढे विसरलो. १९७४ साली, चोवीस वर्षांचा अधव्याख्याता असताना, एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा मोर्चा निघायचा होता. सकाळी मैदानावर मी अहिंसेवर वीस मिनिटे बोललो. टाळ्या पडल्या. मुलांनी हात उंचावून शांततेची शपथ घेतली. दुपारी चौकात कोणीतरी एक शिवी हासडली, कोणाची तरी कॉलर धरली गेली, आणि पुढच्या पाच मिनिटांत दगड सुरू झाले. एका वृद्ध शिपायाच्या कपाळाला आठ टाके पडले. शपथ घेताना मुले खोटे बोलत नव्हती, हे मी आजही सांगेन. शिवी कानावर पडली असता हाताचे काय करायचे, हे त्यांना कोणी दाखवले नव्हते. मीही नाही. मी फक्त भाषण केले होते.

म्हणून आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो माझ्या विषयाबाहेरचा असला, तरी तो मला परका वाटत नाही. तो अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात १९५९-६० मध्ये घडला. त्याचा एक धागा मात्र आपल्या नागपुरातून जातो.

जेम्स लॉसन हा कृष्णवर्णीय तरुण १९२८ साली पेनसिल्व्हेनियात जन्मला आणि ओहायो राज्यात वाढला. लहानपणी एका गोऱ्या मुलाने त्याला वर्णावरून हिणवले, तेव्हा त्याने त्या मुलाच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन ते आईला सांगितले. आईने एवढेच विचारले, की त्याने काय साधले? कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल १९५१ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर शिक्षण पुरे करून १९५३ मध्ये ते मेथडिस्ट पंथाचे मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तेथे ते विद्यार्थ्यांचे धर्मसेवक होते आणि खेळांचे प्रशिक्षकही. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. आपल्यासारख्या मध्य भारतातल्या मराठी माणसांना हे सांगावे लागू नये, पण नव्या पिढीसाठी सांगतो.

आपल्याकडे या प्रकरणाचा उल्लेख झालाच, तर ‘गांधीजींकडून शिकून गेलेला अमेरिकन’ अशा थाटात होतो. यात आपला अभिमान थोडा जास्त आणि वस्तुस्थिती थोडी कमी आहे. लॉसन भारतात आले तेव्हा गांधीजींना जाऊन पाच वर्षे झाली होती, आणि अहिंसेपायी लॉसन आधीच तुरुंग भोगून आले होते. त्यांना नागपुरात निष्ठा मिळाली नाही, ती होतीच. त्यांनी अभ्यास केला तो सत्याग्रहाच्या रीतीचा.

त्या रीतीचा एक कटू धडा स्वतः गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलेला आहे. १९१९ मध्ये सविनय कायदेभंगाची हाक दिल्यावर जागोजागी दंगे झाले, तेव्हा त्यांनी ती आपली हिमालयाएवढी चूक मानली. लोकांची तयारी होण्याआधीच आपण त्यांना लढ्यात उतरवले, असे त्यांचे निदान होते. १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे जाळले आणि आतले पोलीस मारले गेले, तेव्हा बार्डोलीचा लढा थांबवण्यात आला. १९३० मध्ये दांडीला निघताना मात्र त्यांनी बरोबर घेतली ती आश्रमाच्या शिस्तीत वाढलेली निवडक माणसे, सुमारे ऐंशी. त्यांतलेच एक कृष्णलाल श्रीधराणी पुढे अमेरिकेत गेले आणि १९३९ मध्ये त्यांनी सत्याग्रहाच्या तंत्रावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो तिथल्या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांच्या हाती पडला. तेव्हा नागपूर हा एकमेव धागा नव्हे.

डिसेंबर १९५५ मध्ये लॉसन यांनी नागपुरातच, ‘नागपूर टाइम्स’मध्ये, मॉन्टगोमरीच्या बस-बहिष्काराची बातमी वाचली. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी त्यांची भेट झाली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. अभ्यास पुरा करून दक्षिणेत येईन, असे लॉसन म्हणाले. किंग यांनी आत्ताच या, असा आग्रह धरला. १९५८ च्या आरंभी लॉसन नॅशव्हिलला पोहोचले आणि तेथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले.

त्या शहरातला तंटा वरवर पाहता क्षुल्लक होता. मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला कापड, भांडी, औषधे विकत घेता येत. परंतु त्याच दुकानातल्या उपाहाराच्या काउंटरवर बसून कॉफी पिता येत नसे. पैसा चालत होता, शेजार चालत नव्हता. महाडचे चवदार तळे आठवावे. तेथेही प्रश्न तहानेचा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी पाणी प्राशन करून परतणाऱ्यांवर हल्ला झाला, आणि डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. त्या लोकांत पलटणीत नोकरी केलेले अनेक होते, म्हणजे मारता येत असूनही ते थांबले. ज्याला शिस्त ठाऊक आहे, तोच अशा वेळी थांबू शकतो.

१९५९ च्या शरद ऋतूत दर मंगळवारी सायंकाळी क्लार्क मेमोरियल या चर्चच्या तळघरात लॉसन यांचे वर्ग भरू लागले. फिस्क विद्यापीठ, टेनेसी राज्याचे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ, बॅप्टिस्ट धर्मशिक्षणाचे महाविद्यालय यांतून मुले येत. डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लफाएट, जेम्स बेव्हल ही पुढे इतिहासात गेलेली नावे तेव्हा विशीच्या आसपासची पोरे होती. सुरुवातीला वाचन आणि चर्चा होई. नंतर खुर्च्या ओळीने मांडून काउंटर तयार होई आणि नाटक सुरू होई. काही जण त्यावर बसत. काही जण गोरे टवाळखोर होत. ते अर्वाच्य शिव्या देत, तोंडावर धूर सोडत, केस ओढत, धक्का देऊन खुर्चीवरून पाडत. पडलेल्याने डोके कसे वाचवावे, अंग कसे आवळून घ्यावे, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यावी, सोबत्यावर घाव पडत असता हात न उगारता मध्ये कसे पडावे, याचा सराव पुनःपुन्हा चाले. मग सगळे थांबून बोलत : राग नेमका कोणत्या क्षणी आला, आणि तो अंगात कुठे जाणवला?

यात सोसण्याची तयारी दिसते, आणि बहुतेक लेखक तिथेच थांबतात. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते टवाळखोराचे काम. ते पात्र कृष्णवर्णीय मुलालाच करावे लागे. जी शिवी आयुष्यभर ऐकली ती स्वतःच्या तोंडाने, मित्राच्या तोंडावर फेकायची! त्या वेळी त्याला कळे, की शिवी देणाऱ्यालाही समोरून काहीतरी अपेक्षित असते. ठोसा तरी, नाहीतर पळ तरी. यांतले काहीच मिळाले नाही, तर तो गोंधळतो. आमच्या सरांनी टेनेसीचे नावही काढल्याचे मला आठवत नाही, पण त्यांचा खेळ हाच होता.

नोव्हेंबर व डिसेंबर १९५९ मध्ये दोन दुकानांत चाचणी झाली. मुलांनी आधी खरेदी केली, काउंटरवर बसली, नकार मिळाल्यावर व्यवस्थापकाला कारण विचारले आणि शांतपणे निघून आली. तेवढ्यात १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी काउंटरवर जाऊन बसले आणि देशभर लाट उसळली. नॅशव्हिलच्या सभेला तालीम न झालेले शेकडो विद्यार्थी लोटले. लॉसन म्हणत होते, थोडे थांबू या. मुले थांबायला तयार नव्हती. अखेर रात्रीतून जमेल तेवढे शिकवून १३ फेब्रुवारीला १२४ विद्यार्थी बर्फातून चालत गावात गेले.

२७ फेब्रुवारीला तळघरातले नाटक खरे झाले. गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी मुलांना खुर्च्यांवरून ओढून मारले. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडले आणि ऐंशीच्या आसपास विद्यार्थ्यांना पकडले. एक तुकडी गाडीत चढली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे. दंड भरण्याऐवजी अनेकांनी तुरुंग पत्करला. त्या दिवसांतली लॉसन यांची एक हकीकत हॅल्बरस्टॅम या पत्रकाराने नोंदवली आहे. तो तेव्हा तेथेच वार्ताहर होता. एक तरुण लॉसन यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. भांबावून त्याने तो दिला. तोंड पुसून रुमाल परत करताना लॉसन यांनी त्याला त्याच्या मोटारसायकलविषयी विचारले, आणि दोघे यंत्राविषयी बोलू लागले. ही युक्ती ऐन वेळी सुचण्यासारखी नव्हे.

मार्चच्या आरंभी व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकले. महापौर बेन वेस्ट यांनी समिती नेमली. एप्रिलमध्ये समितीने तोडगा सुचवला, की काउंटरचे दोन भाग करावेत. एक फक्त गोऱ्यांचा, दुसरा सर्वांचा. आपल्याकडे तडजोडीचे कौतुक फार. पण या मुलांनी ती नाकारली. ज्या गोष्टीवरून तंटा होता तिचीच ती निम्मी वाटणी होती. दरम्यान ईस्टरच्या हंगामात कृष्णवर्णीयांनी गावातल्या दुकानांवर बहिष्कार टाकला, आणि दुकानदारांच्या गल्ल्यापर्यंत हा प्रश्न पोहोचला. भीडभाड न ठेवता सांगायचे, तर नैतिक आवाहनाइतकाच त्या रिकाम्या गल्ल्याचाही या कामात वाटा होता.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. लूबी पतिपत्नी वाचली; रस्त्यापलीकडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. माझ्या १९७४ च्या चौकात एक शिवी पुरली होती. येथे बॉम्ब होता. दुपारपर्यंत काही हजार लोक, ओळीने, एकही घोषणा न देता नगरभवनाकडे चालत गेले. पायऱ्यांवर महापौर आले. आधी बरीच वादावादी झाली. मग डायान नॅशने साधा प्रश्न विचारला : केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे चूक आहे, असे तुम्हांला वाटते का? महापौर म्हणाले, होय, वाटते. तिने त्यांना पदावरून नव्हे, माणूस म्हणून विचारले होते.

त्यानंतरची तीन आठवड्यांची बोलणी इतिहासात कमी सांगितली जातात. ठरले ते असे : ठरावीक दिवशी, दुकानदाराला आधी कळवून, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांचे लहान गट येतील, नोकरांना आधी सूचना असेल, वर्तमानपत्रे गवगवा करणार नाहीत. म्हणजे दुकानदाराला हरल्याची दवंडी न पिटता मागे येण्याची वाट ठेवली गेली. मला वाटते, टवाळखोराची भूमिका केलेल्यांनाच अशी वाट सुचते. १० मे १९६० रोजी सहा दुकानांच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना प्रथमच वाढले गेले.

यश तेवढेच होते, हेही सांगितले पाहिजे. हॉटेले, इतर उपाहारगृहे, चित्रपटगृहे यांसाठी पुढेही धरणी धरावी लागली. देशव्यापी कायदा १९६४ मध्ये झाला. चळवळीतल्या पुष्कळांची अहिंसेवरची श्रद्धाही टिकली नाही. परंतु १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर डोक्यावर लाठी खाणारा जॉन लुईस याच तळघरातून आला होता. तो पुढे अनेक वर्षे अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. २०२० मध्ये तो वारला. ज्या व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढले, त्यानेच २००६ मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले, आणि २०२२ मध्ये अहिंसक चळवळींच्या अभ्यासासाठी त्यांच्या नावाची संस्था काढली. ९ जून २०२४ रोजी, पंचाण्णव वर्षांचे असताना, लॉसन यांचे निधन झाले.

व्याख्यानापूर्वी मुख्याध्यापकांबरोबर मी जुने सभागृह पाहून आलो. रंगमंच आता मोडकळीस आला आहे. तेथे जादा बाके रचून ठेवली आहेत. तालमी कोठे होतात, असे मी विचारले. स्नेहसंमेलनाचे नाटक आता बाहेरून दिग्दर्शक आणून आठ दिवसांत बसवतात, असे कळले. माजी विद्यार्थी मंडळाने या वर्षी काय द्यावे याचा विचार चालू आहे, असे ऐकतो. तो रंगमंच दुरुस्त करून द्यावा, आणि आठवड्यातून एक तास मुलांच्या ताब्यात द्यावा, अशी माझी सूचना आहे. माझा वाटा मी कार्यालयात देऊन आलो आहे.