एका पंगतीचे चर्च: पुणे परिसरातील ख्रिस्ती आश्रमपरंपरा

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभला, त्या काळात महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींपुढेही एक अवघड प्रश्न उभा होता. राज्यकर्त्यांच्या देशातून आलेला, बंगल्यात वेगळा राहणारा आणि वेगळ्या टेबलावर जेवणारा धर्मोपदेशक बंधुत्वाची भाषा बोलू लागला, तर जालियनवाला बागेनंतर त्यावर कोणी विश्वास ठेवावा, हा तो प्रश्न होय.

त्याचे सर्वांत धीट उत्तर साताऱ्यात आधीच दिले गेले होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा, म्हणजे चर्चमध्ये प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात बरोबरीने सामील होऊ शकत. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे घर, जात आणि गाव यांना बहुधा कायमचे मुकणे होते. टिळकांच्या धर्मांतरामुळे पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली होती, त्यामुळे उंबरठ्याबाहेर थांबलेल्या माणसाची घालमेल त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. मे १९१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि दरबाराला फार आयुष्य लाभले नाही. तथापि चर्चची कड नेमकी कोठे आखावी, याविषयी मराठी ख्रिस्ती विचारात इतके मोकळे पाऊल त्यापूर्वी पडले नव्हते.

टिळकांचा प्रभाव ज्यांच्यावर पडला त्यांत अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी संलग्न पंथाचे, धर्मगुरू जॅक विन्स्लो हे प्रमुख होते. पुढे १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचे चरित्रही प्रसिद्ध केले. १९२२ मध्ये त्यांनी अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि काही वर्षांनी तो पुण्यात आणला. येथे भारतीय आणि इंग्रज सभासद खादी नेसत, जमिनीवर मांडी घालून एका पंगतीत शाकाहारी जेवण घेत आणि एकाच नियमाने राहत. ज्या समाजात कोण कोणाच्या शेजारी बसून जेवतो यावरून माणसाची पायरी ठरत होती, तेथे या पंगतीचे मोल एखाद्या प्रवचनाहून अधिक होते. १९२७ मध्ये संघात आलेले व्हेरियर एल्विन पुढे गांधीजींच्या सहवासात आले आणि १९३१ मध्ये विन्स्लो व एल्विन यांनी भारतीय स्वातंत्र्याच्या बाजूने एकत्र ग्रंथ लिहिला. संघातील मतभेदांतून १९३४ मध्ये ख्रिस्त प्रेम सेवा संघ वेगळा झाला.

या परंपरेची एक उणीव मात्र झाकता येत नाही. अहमदनगर भागातील चर्च मुख्यत्वे महार आणि मांग समाजातून आलेल्या माणसांनी भरलेले होते, आणि आश्रम, संन्यास, भगवी वस्त्रे, उपनिषदे हे सारे संकेत ज्या परंपरेतून उचलले गेले तिने याच माणसांना वेशीबाहेर ठेवले होते. १९८१ मध्ये बंगलोर येथील भाषणातून दलित ईश्वरविद्येची, म्हणजे दलितांच्या अनुभवातून देवाविषयी केलेल्या चिंतनाची, मांडणी करणारे अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती विचाराच्या या वरिष्ठवर्णीय ओढीवर नेमके बोट ठेवले, आणि त्यांचा आक्षेप रास्त होता.

तरीही संघाच्या पुण्यातील आश्रमाने आणखी एक भिंत पाडली. १९७० मध्ये नागपुरात सहा प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च (सी.एन.आय.) स्थापन झाले, पण रोमन कॅथलिक त्याबाहेरच होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक साध्वी एकत्र राहू लागल्या. पारशी घरात जन्मलेल्या वंदना माताजी या त्यांच्या पहिल्या आचार्या होत्या आणि त्यांच्यानंतर सारा ग्रँट यांनी ते पद सांभाळले. पंथैक्याची बोलणी समित्यांतून दीर्घकाळ चालत आली होती. पुण्यात ते ऐक्य रोजच्या प्रार्थनेत आणि जेवणात आणले ते स्त्रियांनी, आणि मराठी चर्चच्या इतिहासात त्यांना अद्याप त्यांच्या कामाइतकी जागा मिळालेली नाही.