गालिचा गुंडाळून ठेवा

डिसेंबर १९९५. आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीतल्या एका घरात तुम्ही बसला आहात. पाच वाजायच्या आतच बाहेर काळोख झालाय. पाऊस आहे, पण आपल्याकडच्यासारखा सरळ कोसळणारा नाही. अटलांटिकवरच्या वाऱ्याबरोबर तो आडवा येतो आणि खिडकीच्या काचेवर मूठभर वाळू फेकल्यासारखा आपटतो. शेकोटीत टर्फ जळतोय. दलदलीतून विटांसारखा कापलेला, उन्हाळाभर रचून वाळवलेला. त्याचा मातकट, गोडसर धूर तुमच्या स्वेटरमध्ये शिरून बसलाय.

शेकोटीच्या एका बाजूला आजी. वय सत्याहत्तर. दुसऱ्या बाजूला टीव्ही आणि टीव्हीपुढे गुडघे टेकून बसलेली दहा वर्षांची नात. आजी तिला 'अ स्टोर' म्हणते. आयरिश भाषेत त्याचा अर्थ 'माझा ठेवा'. नातीच्या हातात व्हीएचएस कॅसेट आहे आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव आहे: रिव्हरडान्स. ती कॅसेट व्हीसीआरच्या तोंडात सरकवते, यंत्र ती गिळतं, पडद्यावर क्षणभर मुंग्या येतात आणि तुम्ही आपोआप पुढे सरकून बसता.

अंधाऱ्या रंगमंचावर नर्तकांची एक रांग उभी राहते. खांदे सरळ, हात अंगालगत, नजर समोर. कमरेच्या वर काहीच हलत नाही. तसबिरीतली माणसं वाटावीत. आणि खाली पाय सुटलेले. टाच, चवडा, टाच, पुन्हा चवडा. गुडघ्यातून पाय मागे दुमडतो, पुढे झटकला जातो, हवेत दोन टाचा एकमेकींवर वाजतात आणि जमिनीवर उतरेपर्यंत पुढचे चार ठोके पडून गेलेले असतात. इतक्या पायांचे ठोके, पण कानावर आवाज एकच येतो. आपल्या कथकमध्ये तत्कार रंगात आला की घुंगरांच्या आत तळव्याचा आवाज ऐकू येतो ना, तसं काहीसं. फक्त इथे घुंगरू नाहीत. इथे वाजतो तो बूट.

नात रिमोटचं बटण दाबते. चित्र थिजतं, मधोमध एक पांढरी पट्टी थरथरत राहते. पडद्यावर एकच पाऊल दिसतंय. नीट पाहा. काळं जाड चामडं, वरून घट्ट बांधलेला पट्टा, चवड्याखाली आणि टाचेखाली फायबरग्लासचे ठोकळे. पूर्वी तिथे चामड्याचे थर असत आणि आवाजासाठी त्यांत खिळे ठोकत. फायबरग्लास आलं आणि आवाज धारदार झाला, टाचांवर टाचा वाजवणं सोपं झालं. नाट्यगृहात पंधराव्या रांगेत बसलेल्याला हे पाऊल कधीच दिसलं नसतं. त्याला रांग दिसते, दिवे दिसतात. पायाची बोटं बाहेर वळलेली आहेत, एक पाऊल दुसऱ्यासमोर कात्रीसारखं आलंय आणि टाच जमिनीपासून दोन बोटं वर आहे, हे दाखवायला कॅमेराच लागतो. तो मिळतो घरी, शेकोटीजवळ. चित्रित केलेला प्रयोग म्हणजे खऱ्याची दुय्यम नक्कल, असं म्हणणाऱ्यांना मी या मुलीशेजारी बसवीन. ती तेच सहा ठोके अकराव्यांदा बघते आहे.

आता ती उठते आणि बैठकीच्या गालिच्यावर करून बघते. पाय बरोबर पडतात, पण आवाजच नाही. लोकरीत सगळं विरून जातं.

"गालिच्यावर कसला नाच, अ स्टोर?" आजी म्हणते. "आत स्वयंपाकघरात जा."

ती बूट शोधायला पळते. आजी तुमच्याकडे रिमोट सरकवते. रिवाइंडचं बटण दाबा. पडद्यावरचे पाय उलटे चालायला लागतील. बोट उचलू नका.

३० एप्रिल १९९४, शनिवारची रात्र. तुम्ही डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये हजारो माणसांत उभे आहात. युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा चालू आहे. आदल्या दोन्ही वर्षी आयर्लंड जिंकलं, म्हणून यजमानपद पुन्हा त्यांच्याकडे. सगळी गाणी गाऊन झाली आहेत आणि मतं यायला वेळ आहे. हा मधला वेळ कसाबसा भरून काढायचा असतो, लोक त्यात उठून चहा करून घेतात. निर्माती मोया डोहर्टीने मात्र ठरवलंय की या सात मिनिटांत आयरिश नाच दाखवायचा. संगीत बिल व्हेलनचं.

आधी अनूना या गायकवृंदाचे स्वर धुक्यासारखे पसरतात. मग जीन बटलर येते. पायात मऊ चामड्याचे हलके बूट, आखूड काळा पोशाख. ती नाचते तेव्हा जमिनीला पाय लागतो की नाही अशी शंका यावी. मग ढोल. आणि रंगमंचाच्या कडेने निळ्या रेशमी सदऱ्यातला मायकेल फ्लॅटली झेपावत आत येतो. इथे तुमच्या आसपासचे लोक श्वास रोखतात. कारण त्याचे हात! हात त्याने अंगालगत धरलेले नाहीत, मोकळे सोडलेत. शाळेच्या हॉलमध्ये परीक्षकांपुढे ज्या नाचात हात हलला तर गुण जात, त्या नाचात हा माणूस पक्ष्यासारखे हात पसरून हसतोय. मग रांग येते, ठोके वाढत जातात, शेवटचा ठोका पडतो आणि सगळं थिएटर एकाच वेळी उभं राहतं. तुम्हीही उभेच होता, पण टाचा उंचावल्यात हे आता तुमच्या लक्षात येतं.

त्या रात्री स्पर्धाही आयर्लंडनेच जिंकली, सलग तिसऱ्यांदा. पण आज त्या रात्रीची आठवण निघते ती या सात मिनिटांसाठी.

बाहेर या. समोर लिफी नदी. ही इमारत मुळात रेल्वेचं मालगोदाम, १८७८ सालचं. हा धक्का नॉर्थ वॉलचा. इथूनच पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीत चढून लिव्हरपूलला गेली, कामाच्या शोधात, हातात एखादी पेटी घेऊन. आणि आत आता जे दोघं नाचले त्यांपैकी फ्लॅटली शिकागोचा आणि बटलर न्यूयॉर्क राज्यातली. देश सोडून गेलेल्यांची मुलं, परक्या गावांतल्या शाळा-चर्चच्या हॉलमध्ये हा नाच शिकलेली. फ्लॅटलीने १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं, ते मिळवणारा तो पहिला अमेरिकन. ज्या धक्क्यावरून माणसं गेली, त्याच धक्क्यावर नाच परत आला. मला या सगळ्या कहाणीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आणखी मागे. कॅसेट घरघरतेय.

१९३५. क्लेअरमधलंच एक गवताने शाकारलेलं घर. आजी सतरा वर्षांची आहे, पण तुम्ही तिला लगेच ओळखता, हनुवटी तीच. रविवारची संध्याकाळ, स्वयंपाकघरातल्या खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या, कोपऱ्यात एक फिडलवाला आणि एक बासरीवाला. शेकोटीपुढे दगडाची मोठी फरशी आहे आणि चांगला नाचणारा त्या फरशीवरच उतरतो, कारण तिचा आवाज वेगळा. पोकळ, घुमणारा. कोणीतरी तुमच्या कानात सांगतं की खाली घोड्याची कवटी पुरलीय. हसू नका. नाच घुमावा म्हणून फरशीखाली कवटी किंवा मडकं पुरायची रीत होती, आणि जुन्या घरांची जमीन उकरताना अशा कवट्या सापडल्याही आहेत. ध्वनिशास्त्र न शिकलेल्या माणसांनी नाचासाठी आपल्या घराचंच वाद्य केलं होतं.

याच वर्षी सरकारने कायदा केलाय: सार्वजनिक नाचासाठी न्यायालयाकडून परवाना हवा. कायद्याचा रोख नाचघरांवर होता, पण अनेक ठिकाणी पाद्री आणि पोलीस त्याचा धाक घरच्या मैफलींनाही दाखवायला लागले. दार वाजतं. फिडल थांबते. तुम्हाला ऐकू येतो तो फक्त टर्फ चटचटण्याचा आवाज. पुढच्या काही वर्षांत अशी स्वयंपाकघरं एकेक करून गप्प झाली आणि नाच परवान्याच्या हॉलमध्ये, शिक्षकांच्या आणि परीक्षकांच्या हाती गेला. त्याने तो टिकला, हेही खरं. नियम, पदकं, वर्ग नसते तर शिकागोच्या मुलापर्यंत काय पोचलं असतं? पण घर सुटलं ते सुटलंच.

पुढची वळणं भराभर घेऊ. १८४७ मध्ये जरा थांबा. बटाट्याचं पीक सडलंय. १८४१ साली सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर येणार आहे. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि रोगाने जाणार, तितकीच किंवा त्याहून जास्त बोटीने. जाणाऱ्याच्या घरी आदल्या रात्री लोक जमतात. मेलेल्या माणसाजवळ जशी रात्र जागवायची तशीच ही जागवायची, म्हणून तिचं नाव 'अमेरिकन वेक'. जाणारा पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही नाचतात, पहाट होईपर्यंत नाचतात, आणि मधूनच एखादी आई रडत-रडत मुलाबरोबर फेर धरते. कॅसेटवरच्या प्रयोगाच्या उत्तरार्धात याच नावाचा नाच आहे. तो पाहताना आजी दरवेळी चष्मा पुसते. तिच्या घरातून कोण गेलं, हे विचारू नका.

आणि १७७६. आर्थर यंग नावाचा इंग्रज प्रवासी या बेटावर फिरतोय. गरिबांच्या झोपडीझोपडीत नाच असतो आणि नाचाचे मास्तर पाइपवाला किंवा आंधळा फिडलवाला बरोबर घेऊन गावोगाव हिंडतात, असं तो लिहून ठेवणार आहे. फी तीन महिन्यांना सहा पेन्स. तुमच्यासमोर असाच एक मास्तर उभा आहे. शेतकऱ्याच्या पोराला डावा-उजवा पाय कळत नाही, म्हणून त्याने एका पायाला लवचीक फांदी आणि दुसऱ्याला गवताची दोरी बांधलीय. आता तो ओरडतो: फांदीचा पाय! दोरीचा पाय! आणि पोरगं बरोबर टाकतं. नीट जमलं की घराचं दार बिजागरीवरून उतरवून जमिनीवर टाकतात आणि त्यावर नाच होतो.

हात अंगालगत का, याच्या पुष्कळ कथा तुम्हाला ऐकायला मिळतील. अर्ध्या उंचीच्या दारावरून आत डोकावणाऱ्या इंग्रज शिपायाला नाच कळू नये म्हणून, ही सर्वांत लाडकी. मला ती पटत नाही. फिडलचा आवाज कुणी लपवेल कसा? या मास्तरकडेच बघा. तो पोराचे खांदे धरून सरळ करतोय. शरीरावर ताबा असणं हे त्याच्या लेखी मोठेपण आहे. पुढे स्पर्धांच्या नियमांनी तोच ताबा आणखी आवळला. कॉनमाराच्या किनाऱ्यावरच्या जुन्या ढंगात तर हात आजही सैल असतात.

प्ले दाबा.

पुन्हा डिसेंबर १९९५. पडद्यावर सेव्हिलची मारिया पाजेस फ्लेमेंको नाचतेय. तिची मनगटं ज्वाळेसारखी वर चढत जातात. पलीकडे फ्लॅटली. एक हातांनी बोलते, दुसरा पायांनी. एव्हाना ऑक्टोबरमध्येच फ्लॅटली या प्रयोगातून बाहेर पडलाय, लंडनला त्याच्या जागी कॉलिन डन नाचतोय. बटलर आणि फ्लॅटली यांना रिव्हरडान्समध्ये एकत्र पाहायचं तर आता ही कॅसेटच आहे.

आतून आवाज येतो. ठक. ठक-ठक. मग एकदम सरसर, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आजी टीव्हीचा आवाज शून्यावर आणते. तुम्ही दोघं उठून दारात जाता. स्वयंपाकघराच्या दगडी फरशीवर नात नाचतेय, पायांत एक माप मोठे बूट, कपाळावर घाम, आणि हात अंगालगत. मग तिचं तुमच्याकडे लक्ष जातं आणि ती हात पसरते. आजी काही बोलत नाही. ती दाराच्या चौकटीला धरून उभी आहे आणि तिच्या लोकरी सपातेतला उजवा पाय ठेका धरतोय.

साठ वर्षांपूर्वी ज्या स्वयंपाकघरातून नाच उठून गेला होता, तिथे तो असा परतला, टीव्हीच्या वाटेने.

तुम्ही आता आपल्या घरी आहात. रिव्हरडान्सचा पहिला पूर्ण प्रयोग ९ फेब्रुवारी १९९५ ला त्याच पॉइंट थिएटरमध्ये झाला, आणि तो अजूनही जगभर चालू आहे. पण आधी १९९४ ची ती सात मिनिटं शोधून बघा, मग १९९५ चं चित्रण लावा. आवाज मोठा ठेवा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, टाचांचा खर्ज त्यात मरतो. आणि घरात लहान मूल असेल तर सुरू करण्याआधी गालिचा गुंडाळून ठेवा.