शाळा, गांव आणि डोंगर

मुलांना सृष्टीचें ज्ञान करून द्यावें, याविषयीं कोणाचाच मतभेद नाहीं. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचा आदेश दिला. परंतु विषय सक्तीचा झाला म्हणजे ज्ञान झालें, असें नव्हे. तें कसें होतें, याचें एक उत्तर उत्तराखंडांतील पौडी गढवाल जिल्ह्यांत त्यापूर्वींच सुरू झालें होतें.

दूधातोलीच्या रानालगत उफरैंखाल नांवाचें लहानसें ठिकाण आहे. चिपको आंदोलनाचा अनुभव घेतलेले सच्चिदानंद भारती १९७९ सालीं आपल्या या मुलखांत परतले आणि तेथील विद्यालयांत शिक्षक झाले. तोड थांबविणें हें अर्धेंच काम, झाडें वाढविणें हें उरलेलें, असें त्यांनीं जाणलें. १९८० पासून पर्यावरणाचीं शिबिरें भरूं लागलीं. पोस्टमन, वैद्य, किराणा दुकानदार असे साधे लोक सोबतीला आले. विद्यार्थ्यांनीं बिया जमविल्या. अक्रोडाचीं रोपें वाढूं लागलीं. १९८२ सालीं दूधातोली लोकविकास संस्थान स्थापन झालें. रानाची राखण स्त्रियांनीं पत्करली. जिची पाळी असे ती घुंगरांची काठी घेऊन रानांत जाई आणि परततांना ती शेजारणीच्या दारांत ठेवी. म्हणजे उद्यांची पाळी तिची.

१९८७ च्या अवर्षणांत कित्येक रोपें वाळलीं. पाण्यावांचून झाड नाहीं, हा धडा निसर्गानेंच घातला. तेव्हां जुनी रीत स्मरली. पूर्वज डोंगरउतारावर पाणी अडविण्यासाठीं चाल, खाल अशीं लहानमोठीं तळीं खोदीत. उफरैंखालच्या नांवांतच तो शब्द होता. पाणी मात्र उरलें नव्हतें. ग्रामस्थांनीं पुन्हा कुदळ हातीं घेतली. माती ओली राहूं लागली, गवत आलें, झाडें तगलीं. लोक ज्याला सुखारौला, म्हणजे कोरडा ओढा म्हणत, तो पुढें वाहूं लागला आणि गाडगंगा या नांवानें ओळखला जाऊं लागला.

यांत गुरु कोण आणि शिष्य कोण? शाळेनें गांवाला रोपें दिलीं. गांवानें शाळेला पाणी अडविण्याची विद्या दिली. आपण शहरवासी पावसाळ्यांत मुलांच्या हातून रोप लावतों. पण उन्हाळ्यांत त्याला पाणी कोण घालणार, हें ठरवीत नाहीं. आपल्या गल्लींतील बुजलेली विहीर कोठें होती, हें मुलाला क्रमिक पुस्तक सांगणार नाहीं. तें घरांतील आजोबाच सांगूं शकतील. शाळेनें त्यांना बोलावलें पाहिजे आणि त्यांनींहि आपण होऊन शाळेंत गेलें पाहिजे.