चळत : कंसरहित लेखनापासून इथेरियमच्या यंत्रापर्यंत

गणकयंत्रांच्या परिभाषेत ज्यास 'स्टॅक' म्हणतात त्यास मराठीत उतरंड म्हणावे की चळत, हा प्रश्न अगदीच गौण नाही. उतरंडीतील मडकी वर वर लहान होत जातात. चळतीतील नाणी एकाच मापाची असतात. येथे विचारार्थ घेतलेल्या रचनेचे सर्व घटक सारख्याच मापाचे असल्यामुळे चळत हाच शब्द पत्करला आहे. शेवटी ठेवलेले प्रथम उचलावयाचे, एवढाच तिचा नियम होय.

या नियमाचा उगम एकाच ठिकाणी शोधणे व्यर्थ आहे. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासेविच याने १९२४ मध्ये क्रियाचिन्ह पदांच्या आधी लिहून कंसांची गरजच नाहीशी केली. पण त्याच्यापुढे यंत्र नव्हते. ट्युरिंगने १९४५ च्या अखेरीस लिहिलेल्या आपल्या यंत्राच्या आराखड्यात उपक्रमातून परतण्याची जागा 'पुरून ठेवणे' व पुढे 'उकरून काढणे' अशी भाषा वापरली. १९५७ मध्ये म्यूनिकच्या बाऊअर आणि झामेलसन यांनी 'तळघर' या नावाने हीच कल्पना एकस्वासाठी सादर केली, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन या तत्त्वज्ञाने क्रियाचिन्ह शेवटी आणणारी लेखनपद्धती चळतीशी जोडली. हॅम्ब्लिनच्या विचारांचा प्रभाव असलेल्या केडीएफ ९ या इंग्रजी यंत्रात १६ कप्प्यांची चळत प्रत्यक्ष यंत्रांगांतच बसविलेली होती.

हॅम्ब्लिनचा क्रम मराठी वाचकास परका वाटू नये. 'सातातून तीन वजा कर' या वाक्यात दोन्ही पदे आधी येतात व क्रिया शेवटी. आपली वाक्यरचना क्रियान्त आहे, आणि चळतीचे यंत्रही तसेच.

भाषाशास्त्राने चळतीची दखल लौकरच घेतली. व्हिक्टर इंगव्हे याने १९६० मध्ये असे प्रतिपादन केले की बोलणाऱ्याची तात्पुरती स्मृती सुमारे सात घटकांपुरतीच असल्याने डावीकडे वाढत जाणाऱ्या रचनांची खोली भाषेला मर्यादित ठेवावीच लागते. मराठीच्या अभ्यासकास हे मान्य करणे कठीण आहे. 'काल आलेल्या पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या डब्याचे झाकण' हा शब्दसमूह सर्वस्वी डावीकडे वाढलेला आहे. तो ऐकताना कोणाचीही दमछाक होत नाही. कारण खोली ही वाक्याच्या अंगी नसते. विश्लेषण कोणत्या दिशेने चालते त्यावर ती ठरते. अंकगणितातही हेच दिसते. चार संख्यांची बेरीज डावीकडून एकेक उरकीत गेल्यास चळतीत दोन कप्पे पुरतात. सर्व संख्या आधी रचून मग बेरजा केल्यास चार लागतात. उत्तर मात्र एकच.

इथेरियमच्या कल्पित यंत्राकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. गॅव्हिन वुड याने २०१४ मध्ये त्याचे औपचारिक वर्णन सिद्ध केले आणि जुलै २०१५ मध्ये ती साखळी चालू झाली. त्यातील चळतीचा प्रत्येक कप्पा २५६ बिटांचा आहे. हॅश व लंबवर्तुळी वक्रांवरील गणित सोपे जावे म्हणून हे माप घेतले गेले. कप्प्यांची कमाल संख्या १०२४, म्हणजे सारी चळत भरली तरी ३२ किलोबाइटच. मूळ आज्ञासंचात माथ्यापासून सोळाव्या कप्प्यापर्यंतचीच प्रत काढता येते. अदलाबदलीची पोहोच तिच्या जेमतेम एक घर खाली. या आखूड हातामुळे सॉलिडिटी भाषेत लिहिणारांना 'चळत फार खोल आहे' हा नकार वारंवार ऐकावा लागला. केडीएफ ९ मध्येही हाच आकडा होता, पण तेथे तो यंत्रसामग्रीने घातलेला बंध होता. येथे तो एका बाइटाच्या आज्ञांच्या वाटणीतून आलेला आहे.

वजाबाकीची कथा याहून मनोरंजक आहे. हॅम्ब्लिनच्या परंपरेत, तसेच बिटकॉइनच्या आज्ञाभाषेतही, आधी सात व मग तीन ठेवले की उत्तर चार येते. इथेरियममध्ये माथ्यावरील संख्येतून खालची वजा होते. म्हणून आधी तीन व मग सात ठेवावे लागतात. ही आज्ञामालिका उलट वाचली तर 'वजा, सात, तीन' असा वुकासेविचचा मूळ क्रम हाती येतो!

अशी चळत घडविणे वरकरणी सोपे आहे: १०२४ कप्प्यांची रांग आणि माथा दाखविणारा एक अंक. अडचण सीमेवर येते. चळत पूर्ण भरली असता बेरजेची आज्ञा वैध असते, कारण ती दोन काढून एक ठेवते. प्रत काढण्याची आज्ञा मात्र अवैध ठरते. म्हणून आज्ञा चालविण्यापूर्वीच दोन गोष्टी तपासाव्या लागतात: लागणारी पदे आहेत काय, आणि काढ-घाल झाल्यावर उरणारी खोली १०२४ च्या आत राहते काय. नियम मोडल्यास त्या आवाहनातील सारे बदल रद्द होतात व उरलेले इंधनशुल्कही जाते. एकट्या यंत्रावर अशी चूक त्या यंत्रापुरतीच राहिली असती. येथे तोच उपक्रम गो, जावा, रस्ट अशा निरनिराळ्या भाषांत लिहिलेली असंख्य यंत्रे चालवितात, आणि एकाने १०२५ वा घटक स्वीकारून दुसऱ्याने नाकारला, तर दोघांच्या खतावण्या त्या क्षणापासून वेगळ्या होतात.