शस्त्रक्रियेनंतरचा श्वास

हृदयावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ता. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें डॉ. जॉन गिबन यांनीं हृदय व फुप्फुसें यांचें काम बाहेरील यंत्रावर सोंपवून एका अठरा वर्षांच्या तरुणीच्या हृदयांतील छिद्र बुजविलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु रोगी खाटेवर परत आल्यानंतर काय करावयाचें, याचाही एक इतिहास आहे. आणि विश्रांति म्हणजे निश्चळ पडून राहणें नव्हे, हा त्याचा मुख्य बोध आहे.

१९१० सालीं लंडनच्या डॉ. विल्यम पाश्चर यांनीं पोटावरील शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा भाग मिटून जातो, हें दाखविलें. हृदयाच्या शस्त्रक्रियेंत बहुधा उराचें हाड उभें चिरावें लागतें. वेदनेच्या धास्तीनें रोगी उथळ श्वास घेतो, फुप्फुसाचे तळ मिटतात व कफ सांचतो. सावकाश दीर्घ श्वास घेणें व छातीशीं उशी घट्ट धरून खोकणें, हे उपाय यांतूनच रूढ झाले. हृद्रोग्यास आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याच्या प्रघातासही १९५२ सालीं बोस्टनच्या लेव्हाइन व लाऊन या वैद्यांनीं धक्का दिला. त्यांनीं आपले रोगी खुर्चींत बसविले.

शैथिल्य हीसुद्धां शिकावयाची क्रियाच होय. एडमंड जेकबसन यांनीं १९२९ च्या आपल्या ग्रंथांत स्नायु क्रमानें ताणून सैल सोडण्याची रीत मांडली. आमच्याकडे शवासन हठयोगप्रदीपिकेंत सांगितलेलें आहेच. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेंत तपासावयास घेतल्या. पुढें १९६९ सालीं मुंबईचे डॉ. दाते व त्यांचे सहकारी यांनीं रक्तदाबाच्या ४७ रोग्यांवरील शवासनाचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील बऱ्याच जणांस गुण आला होता.

मात्र ते रोगी रक्तदाबाचे होते, शस्त्रक्रियेचे नव्हते. शवासनानें शिवलेलें हृदय सांधतें असें म्हणणें हा अभिमान होईल, शास्त्र नव्हे. कुंभक व भस्त्रिका यांचा प्रयोग ताज्या जखमेवर वैद्याच्या अनुज्ञेवांचून करणें तर धोक्याचेंच.

आमच्या घरांतून आजाऱ्यास ‘हालूं नको, स्वस्थ पड’ असें मायेनें सांगण्याची चाल आहे. ती माया या प्रसंगीं घात करूं शकते. हृदय शिवतांना रोग्याच्या हातीं कांहींच नसतें. श्वास मात्र त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. आप्तांनीं उशाशीं बसून त्याला त्याची आठवण द्यावी, एवढेंच आमचें सांगणें.