रेसर सायकल, लुधियानाचा टायर आणि चंडीगडचे रस्ते

ल कॉर्बुझिए यांनी १९५१ साली चंडीगडची आखणी हाती घेतली, तेव्हा रस्त्यांना त्यांनी नावांऐवजी श्रेणी दिल्या. व्ही-१ म्हणजे बाहेरगावांना जोडणारे महामार्ग. व्ही-३ म्हणजे १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद सेक्टरांना चारही बाजूंनी वेढणारे वेगवान वाहनांचे रस्ते. आणि उतरत्या क्रमाने शेवटी व्ही-७, म्हणजे हिरव्या पट्ट्यांतून जाणाऱ्या पायवाटा. या सात श्रेणींत सायकलीला स्वतंत्र स्थान नव्हते. व्ही-८ ही आठवी श्रेणी नंतर जोडली गेली. ज्या शहरात कारकून, शिपाई आणि विद्यार्थी सायकलीवरच कामाला जाणार होते, तेथे सायकलीची आठवण मागाहून व्हावी, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

त्याच दशकात, चंडीगडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, लुधियानात सायकलीचा उद्योग उभा राहत होता. फाळणीपूर्वी कमालिया येथून अमृतसरला आलेले मुंजाल बंधू पुढे लुधियानात स्थिरावले. सुट्या भागांच्या व्यापारापासून सुरुवात करून त्यांनी १९५६ साली हीरो सायकल्सची स्थापना केली. १९८६ साली गिनेस बुकाने या कंपनीची जगातील सर्वांत मोठी सायकल-उत्पादक म्हणून नोंद केली. मात्र या कारखान्यांतून मुख्यतः बाहेर पडत होती ती काळी ‘रोडस्टर’: सुमारे वीस किलो वजनाची, लांब बैठकीची, सळईच्या ब्रेकची, मागे दणकट कॅरिअर असलेली. दुधाच्या किटल्या, धान्याची पोती किंवा दोन मुले घेऊन ओबडधोबड रस्त्यावर चालावे, यासाठीच तिची घडण होती. आणि ते काम तिने चोख केले. ‘रेसर’, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची सायकल, भारतात दीर्घकाळ हौशी तरुणांचे वाहन राहिली.

हँडलाचा तो बाक निव्वळ शोभेचा नाही. सायकलस्वाराला लागणाऱ्या शक्तीतील हवेच्या विरोधाचा वाटा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो धरली, ताठ बसलेल्या स्वाराचे परिणामी विरोध-क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर आणि रेसरवर वाकलेल्याचे ०.४ चौरस मीटर मानले, तर ताशी १५ किलोमीटर वेगाला पहिल्याला सुमारे २६ वॅट व दुसऱ्याला १७ वॅट लागतात. हा फरक फारसा जाणवणार नाही. ताशी २५ किलोमीटरला मात्र हेच आकडे १२० आणि ८० होतात. सेक्टरच्या आत बाजारहाट करणाऱ्याला म्हणूनच रोडस्टर पुरते; मोहालीहून किंवा पंचकुल्याहून रोज कचेरीत येणाऱ्याला हे चाळीस वॅट महिन्याभरात चांगलेच कळतात. शिवाय या हँडलवर हात ठेवण्याच्या तीन-चार जागा मिळतात, त्यामुळे लांबच्या प्रवासात मनगटे अवघडत नाहीत.

वर्षभर वापरायचे म्हटले की प्रश्न हँडलाचा कमी आणि पाण्याचा अधिक होतो. चंडीगडला वर्षाकाठी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतांश जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. जुन्या रोडस्टरचे ब्रेक-रबर क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर आतल्या बाजूने दाबले जाते. क्रोमचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यावर पाण्याचा थर बसला की घर्षण कोरड्या रिमच्या मानाने अनेक पटींनी घटते, आणि चाक दोन-तीन फेरे फिरून पाणी पुसले जाईपर्यंत सायकल थांबत नाही. व्ही-३ रस्त्यावरील गोलचौकात ते दोन-तीन फेरे जिवावर बेतू शकतात. ॲल्युमिनियमच्या रिमने ही अडचण बरीच कमी झाली. डिस्क ब्रेकने घर्षणाची जागाच चिखलापासून दूर, चाकाच्या मध्यभागी नेली. पावसाळ्यात रेसर चालवणाऱ्यासाठी गिअरच्या संख्येपेक्षा ही सुधारणा कितीतरी मोलाची आहे.

सांगाड्याची निवडही याच दृष्टीने करावी लागते. पोलादाला थकव्याची एक मर्यादा असते. तिच्याखालील ताण कितीही वेळा पडला तरी तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, म्हणून त्याच्या नळ्या जाड व रुंद कराव्या लागतात. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा सांगाडा थोडा जड असला तरी वर्षानुवर्षे टिकतो, परंतु सीटच्या नळीतून आत उतरणारे पाणी त्याला आतून गंजवते. पावसाळ्यापूर्वी नळीत गंजरोधक तेल सोडणे आणि तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्र असणे, या दोन साध्या गोष्टी महागड्या रंगापेक्षा उपयोगी ठरतात. पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवण्याची सोय आणि ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला पुरेशी जागा नसलेली शर्यतीची सायकल येथे बारमाही वापरासाठी घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीच्या दाट धुक्यात पुढचा-मागचा दिवा अपरिहार्य. डायनॅमो चाकाच्या हबमध्ये असेल तर चार्जिंग विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

एक अडचण मात्र कारखान्यांच्या इतिहासातून आलेली आहे. रोडस्टरचा २८ बाय दीड इंची टायर ज्या रिमवर बसतो, तिचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. आजच्या रेसरच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर. फरक केवळ १३ मिलिमीटरचा, पण टायरच्या कडेत तार असते आणि ती आवळून घेता येत नाही. त्यामुळे पंजाबातील लहानसहान गावांतील दुकानांत सहज मिळणारा टायर रेसरला उपयोगाचा नाही. ट्यूब मात्र रबराची असल्याने चालून जाते, रिमचे छिद्र जाड व्हॉल्व्हसाठी पाडलेले असेल तर. चंडीगडहून अंबाल्याकडे किंवा रोपरकडे रोज जाणाऱ्याने सायकल घेतानाच ते छिद्र मोजून पाहावे आणि घडीचा एक टायर सीटखाली बांधून ठेवावा.