चलनवाढ, व्याजदर आणि भाग बाजार : १९७४ च्या वटहुकमाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
चलनवाढ व व्याजदर चढे राहिले की भाग बाजार घसरतो, हे सर्वपरिचित सूत्र होय. मात्र मुंबई भाग बाजाराच्या १९७४ मधील घसरणीची मीमांसा केवळ या सूत्राने होत नाही. त्या वेळी केंद्रीय अर्थमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघाने त्यांनाच बिनविरोध लोकसभेवर पाठविले होते.

पार्श्वभूमी :
१९७२ चा दुष्काळ आणि १९७३ अखेरची खनिज तेलाची दरवाढ यांमुळे महागाई भडकली. घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्के, तर १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्के वाढल्या. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या नोटेची क्रयशक्ती झपाट्याने घटत होती.

शासकीय उपाययोजना :
जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कंपन्यांच्या लाभांशावर तात्पुरती मर्यादा घातली. करोत्तर नफ्याचा एक तृतीयांश किंवा दर्शनी मूल्याच्या १२ टक्के, यांपैकी कमी असेल तेवढाच लाभांश वाटता येणार होता. वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भागही सक्तीच्या ठेवीत वळविण्यात आला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँक दर ७ वरून ९ टक्के केला.

परिणाम :
किमती वाढल्या तर कंपन्यांचा नफाही वाढतो, म्हणून भाग हे चलनवाढीपासूनचे संरक्षण मानले जाई. वटहुकमाने नेमके तेच काढून घेतले. समजा, १०० रुपये दर्शनी मूल्याचा भाग एखाद्याने ३०० रुपयांस घेतला असेल, तर त्यास कमाल लाभांश १२ रुपये, म्हणजे गुंतवणुकीवर अवघा ४ टक्के मिळे. साहजिकच भागांचे भाव कोसळले. न वाटलेला नफा कंपनीतच राहत असल्याने तो बुडाला नव्हता, हे खरे; परंतु लाभांशावर घरखर्च चालविणाऱ्या निवृत्त माणसास त्याचा तात्काळ उपयोग नव्हता. भाव पडल्याने भाग विकणेही तोट्याचे झाले.

निष्कर्ष :
१९७५-७६ मध्ये घाऊक किमती किंचित उतरल्या. त्याचे श्रेय पतनियंत्रणाइतकेच चांगल्या पिकांनाही द्यावे लागते. चलनवाढ रोखणे आवश्यकच होते. तथापि, तिची झळ आधीच सोसणाऱ्या पगारदार व अल्पबचतदार वर्गावरच उपायांचाही मोठा भार पडला. भाग बाजाराचा इतिहास केवळ निर्देशांकांच्या चढउतारावरून न अभ्यासता हा भार कोणी वाहिला, या प्रश्नाच्या आधारेही तपासणे आवश्यक ठरते.